नाव न घेता दिलेली हाक

तामलवाडीच्या शिवकांताबाईंचा आवाज आपल्याकडच्या निम्म्याअधिक लोकांनी ऐकलेला आहे, चेहरा मात्र फार थोड्यांनी पाहिला आहे. कोजागरी जवळ आली की सोलापूरहून तुळजापूरला चालत निघालेल्या माणसांनी रस्ता भरून जातो. त्या रस्त्याच्या कडेला, तामलवाडीत, एका सेवा मंडळाचा मंडप पडतो. चहा, पाणी, पायाला फोड आलेल्यांसाठी मलमपट्टी, आणि एका कोपऱ्यात टेबलावर माइक. गर्दीत चुकलेल्या माणसांची पुकार तिथून होते. मंडप कल्याणप्पांचा, कर्णे कल्याणप्पांचे आणि आवाज त्यांच्या बायकोचा. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे बोलण्याला थोडा कानडी हेल. घाई नाही, आरडाओरडा नाही. घाबरलेल्या माणसाला तो आवाज ऐकूनच अर्धं सापडल्यासारखं वाटतं.

मांडवाचा धंदा लग्नांवर चालतो. करोनात लग्नं थांबली, कनाती गोदामात पडून राहिल्या आणि कल्याणप्पा दिवसभर ओट्यावर बसून कर्ण्यांवरची धूळ पुसू लागले. तेव्हा त्यांची सून महेश्वरी हिनं सासूच्या हातात मोबाईल दिला आणि एक ॲप दाखवलं. इथं बोललं की ज्याला हवं त्याला ऐकता येतं, आत्ता नाही तर सवडीनं, असं तिनं समजावलं. समोर गर्दी नाही, डोक्यावर कर्णा नाही, मग ऐकणार कोण, हे शिवकांताबाईंना पटेना. तरी मंगळवारी आणि शुक्रवारी, भांडी उरकल्यावर, त्या बोलू लागल्या. ‘दुपारचं बोलणं’ असं साधं नाव ठेवलं. आधी शेंगांची चटणी, लेकराचे दात, सुनेचं माहेरपण असं काहीबाही असायचं. मग बायकांचे निरोप यायला लागले. घरात कुणाजवळ बोलता येत नाही ते बायका मोबाईलवर बोलून पाठवायच्या. तो मूळ आवाज शिवकांताबाई कधीच ऐकवत नसत. सगळं आपल्या तोंडानं, आपल्या शब्दांत सांगत. लातूरची असेल तिला भूमची करत, थोरली असेल तिला धाकटी. जिथं आपली अक्कल पुरत नाही तिथं सोलापूरच्या एका डॉक्टरीणबाईंना बोलावून त्यांना बोलायला लावत. लग्नं पुन्हा सुरू झाली, कल्याणप्पांचा टेम्पो पुन्हा धावायला लागला, पण दुपारचं बोलणं काही थांबलं नाही.

तुळजापुरातल्या चंद्रप्रभाबाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या सोलापूरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेल्या, काही वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या. पती मार्तंडराव, घरी पिढ्यान्‌पिढ्यांचं पुजारीपण. काळजी करणं हा चंद्रप्रभाबाईंचा स्वभाव होता. गॅस बंद केला की नाही हे बघायला त्या अर्ध्या जिन्यातून परत फिरायच्या. लेक इरा पुण्याला नोकरीला लागली तेव्हा दिवसातून कितीदा फोन करायचा यावरून मायलेकींची भांडणं झाली होती. आता इरा पहिल्या बाळंतपणासाठी घरी आली होती. बाळंतपण सुखरूप झालं, मुलगी झाली, जावई गुरुप्रसाद बारशाला येऊन पेढे वाटून गेला. सगळं नीट होतं, आणि इरा मात्र नीट नव्हती.

ती रडत नव्हती, तक्रार करत नव्हती. बाळाला वेळेवर पाजायची आणि पाजून झालं की खाली ठेवायची, एखादी वस्तू जागेवर ठेवावी तशी. डिंकाच्या लाडवाचा एक कोपरा मोडायची आणि बाकीचा ताटात ठेवायची. कानात सतत इअरफोन. बाळाला तेल लावायला येणाऱ्या गजराबाईंनी कितीतरी घरची बाळंतपणं पाहिलेली. त्या एक दिवस हात पुसत पुसत चंद्रप्रभाबाईंना म्हणाल्या, “वैनी, पोरगी लेकराकडं बघत न्हाय. भिंतीकडं बघती.”

त्या दिवसापासून चंद्रप्रभाबाईंचे प्रश्न वाढले. झोपलीस का, जेवलीस का, काय होतंय, काय ऐकतेस, कुणाशी बोलत होतीस. इरा प्रत्येकाला “काही नाही” एवढंच म्हणायची. शेवटी चंद्रप्रभाबाईंनी एक गोष्ट केली. इरा अंघोळीला गेली असताना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्यांनी तिच्या खोलीची आतली कडी काढली आणि ती सैल झाली होती म्हणून सांगितलं. इरानं दाराकडं पाहिलं, आईकडं पाहिलं आणि पुन्हा कानात इअरफोन घातले.

मग तो स्वयंपाकघरातला प्रसंग झाला. ओट्यावर एक छोटा स्पीकर असतो, त्यावर सकाळी स्तोत्रं लागतात. इराचाही मोबाईल त्याला जोडलेला होता. तिच्या इअरफोनची चार्जिंग संपली असावी. आमटीला फोडणी देता देता चंद्रप्रभाबाईंना अचानक ओट्यावरून एक बाईमाणूस बोलल्याचं ऐकू आलं.

“एक लेक म्हणती, बाळ रडाय लागलं की मला वाटतंय, हे कुणाचं तरी हाय. ज्याचं असंल त्यानं यावं आन घेऊन जावं.”

आणि आवाज तुटला. वरच्या खोलीत इराला कळलं होतं. फोडणी जळली. पण आवाज चंद्रप्रभाबाईंच्या ओळखीचा होता. कुठं ऐकलाय हे आठवायला त्यांना संध्याकाळ झाली. कोजागरीच्या गर्दीत अडकलेल्या एसटीच्या खिडकीतून, दरवर्षी, तामलवाडीच्या मंडपातून येणारा.

दुसऱ्या दिवशी गुरुप्रसादचा व्हिडिओ कॉल संपल्यावर इराचा मोबाईल त्यांच्या हातात राहिला. त्यावर एकामागून एक जाहिराती दिसत होत्या. झोप येत नाही का. उदास वाटतं का. नव्या आईसाठी घरबसल्या समुपदेशन. चंद्रप्रभाबाई तो मोबाईल हातात धरून तशाच बसल्या. कुठल्या कोण कंपन्यांना ठाऊक होतं की आपली लेक झोपत नाही. आपण एकाच छपराखाली राहतो आणि आपल्याला “काही नाही” एवढंच ऐकायला मिळतं. त्यांच्या मनानं घेतलं की जाहिरातवाल्यांना ठाऊक आहे, तर बोलणाऱ्या बाईंना नक्कीच ठाऊक असणार. ती “एक लेक” म्हणजे आपलीच. तिनं आणखी काय काय सांगितलंय ते कळलं की पुढचं करता येईल. बाळाला गजराबाईंच्या ताब्यात देऊन, भाजी आणते असं सांगून, त्या सोलापूरच्या एसटीत बसल्या.

तामलवाडीत उतरून त्यांनी पुकार करणाऱ्या बाईंचं घर विचारलं, आणि कल्याणप्पांचं दुकान शोधावं लागलं नाही. दारात कनातींच्या घड्या, आतल्या खोलीत शिवकांताबाई मक्याची कणसं सोलत बसलेल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, कपाळावर विभूती. चंद्रप्रभाबाईंनी चप्पल काढता काढताच सुरुवात केली, मी तुळजापूरची अमुक, एवढ्यात शिवकांताबाईंनी हात वर केला.

“नाव सांगू नका, अक्का. सांगितलं की मला ठावं होतंय. बसा, पाणी घ्या.”

चंद्रप्रभाबाई बसल्या आणि त्यांनी नाव सोडून सगळं सांगितलं. लाडवाचा कोपरा सांगितला, भिंत सांगितली, कडीचंही सांगितलं. शिवकांताबाईंनी कणीस खाली ठेवून ऐकलं. सगळ्यात आधी त्यांनी एकच विचारलं. पोरगी जिवाचं काही बोललीय का, स्वतःचं किंवा लेकराचं बरंवाईट करण्याचं. तसं असेल तर माझ्यापाशी बसू नका, आत्ता उठा, तिला घेऊन सोलापूर गाठा. आणि डॉक्टरीणबाईंचा नंबर त्यांनी लगेच लिहून दिला. तसं काही नाही, हे चंद्रप्रभाबाईंनी दोनदा सांगितल्यावरच त्या पुढचं बोलायला तयार झाल्या.

पुढचं बोलणं अवघड होतं. चंद्रप्रभाबाईंना हवं होतं ते शिवकांताबाई देत नव्हत्या.

त्यांच्या मोबाईलवर काय दिसतं ते मात्र त्यांनी लपवलं नाही. कोणत्या गावातून ऐकलं गेलं, कसल्या मोबाईलवर, कुठपर्यंत ऐकून बंद केलं, कुठला भाग मागं नेऊन पुन्हा ऐकला, हे सगळं दिसतं. नाव दिसत नाही. पण प्रत्येक मोबाईलला आकड्या-अक्षरांची एक लांब खूण असते, आणि पुढच्या वेळी तीच खूण आली की तोच माणूस पुन्हा आला हे कळतं. महेश्वरीनं सांगितलं तेव्हा हे त्यांच्या ध्यानात येईना. मग त्यांना देवळापुढचं चप्पल स्टँड आठवलं.

“तिथं बिल्ला मिळतोय बघा. बिल्ल्यावर नाव न्हाय. पण एकाच पायताणाला रोज एकच बिल्ला दिला, तर स्टँडवाल्याला कळंलच की, ही बाई दर मंगळवारी येती, उशिरा येती, एकटी येती. ॲपवाल्यांचं तसंच हाय. आन ते बिल्ले एकमेकांच्या दुकानात दाखवत्यात.”

ॲपच्या कंपनीतून एका माणसाचा फोन आला होता. तुमचं ऐकणाऱ्या बायका नेमक्या कोण आहेत, कुठल्या वयाच्या, घरी तान्हं मूल आहे का, एवढं जाहिरातवाल्यांना कळू द्या, म्हणजे कार्यक्रमाला चांगल्या जाहिराती मिळतील, एक बटण तेवढं चालू करायचंय, असं तो गोड आवाजात सांगत होता. शिवकांताबाईंनी ते बटण चालू केलं नाही. पण आपण बंद ठेवलं म्हणून सगळी दुकानं बंद होत नाहीत, हेही त्यांना कळलेलं होतं. तुमच्या लेकीच्या मोबाईलवर जे दिसलं ते आणखी कुठल्या दारातून आलं असेल, माझ्या दारातून नाही, एवढंच त्या छातीठोक सांगू शकत होत्या.

“पण तुमच्याकडं दिसतं तरी ना?” चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. “तुळजापूर दिसतं, मोबाईलची कंपनी दिसते. मला एवढंच सांगा, तो निरोप तिचा होता का? मी आई आहे तिची. परकी नाही.”

शिवकांताबाईंनी गादीवरचा मोबाईल उचलला, क्षणभर हातात धरला आणि पालथा घातला.

“मागायला येणारा आपलाच माणूस असतोय, अक्का. परका कशाला येतोय विचारायला?”

आणि मग त्यांनी एका कोजागरीची गोष्ट सांगितली. बऱ्याच वर्षांपूर्वीची, मोबाईल एवढे नव्हते तेव्हाची. मंडपात एक माणूस आला. बायको चुकलीय म्हणाला. चांगला सभ्य, डोळ्यांत पाणी. शिवकांताबाईंनी नेहमीसारखी पुकार केली: नाव, गाव, हिरवं लुगडं, कडेवर तान्हं, नाकात चमकी. लोक देवीच्या वाटेवरचे, मदत करायला सगळे तयार. थोड्याच वेळात चार म्हाताऱ्यांनी त्या बाईला हाताला धरून, मायेनं, मंडपात आणून उभं केलं. ती माइकजवळ आली आणि शिवकांताबाईंना फक्त ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बाई, मी चुकले नव्हते.”

नवरा तिला घेऊन गेला. पुढं काय झालं ते शिवकांताबाईंना कधी कळलं नाही. लोक त्या दिवशी त्यांचं कौतुक करत होते, किती लवकर सापडली म्हणून. त्यांना मात्र त्या रात्री भाकरी गिळवली नाही. आपण एका बाईचं नाव, रूप, कपडे हजारो माणसांना वाटून दिले, आणि ती जिथं लपली होती ती गर्दीच तिच्यावर सोडली.

त्यानंतर त्यांनी पुकार उलटी केली. हरवलेल्याला पुकारायचं नाही, शोधणाऱ्याला पुकारायचं. भूमचे अमके अमके मंडपात थांबलेत, ज्यांना भेटायचं असेल त्यांनी यावं. लेकरू सापडलं तर त्याचं वर्णन सांगायचं नाही, एक लेकरू आपल्याजवळ सुखरूप आहे एवढंच सांगायचं, बाकीचं मागायला येणाऱ्यानं सांगायचं. सुरुवातीला मंडळातली माणसं चिडली, याला फार वेळ लागतो म्हणाली. वेळ लागतो हे खरंच होतं. पण भेटणारी माणसं भेटतच राहिली. आणि भेट झाली की माइकवर तेवढंच सांगायचं, “भेट झाली.” कुणाची, ते नाही.

चंद्रप्रभाबाईंना हे ऐकून राग आला आणि रडूही आलं. ज्याच्यापासून बायको लपली होती त्या माणसाच्या रांगेत आपल्याला बसवलं, असं त्यांना वाटलं. त्या पिशवी उचलून उठल्यासुद्धा. तेव्हा शिवकांताबाईंनी त्यांचा हात धरला. नाही म्हणणं त्यांनाही सोपं गेलं नव्हतं. आपलं चुकलं आणि पोरीचं काही झालं तर, ही भीती त्यांच्याही डोळ्यांत होती.

“तिला न्हाय पुकारत मी,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला पुकारते. चालंल? पण मग एक पाळायचं. पुकार झाली की विचारायचं न्हाय. थांबायचं म्हंजे थांबायचं.”

भाजी न घेताच चंद्रप्रभाबाई घरी परतल्या.

शुक्रवारी दुपारी त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि आपल्या मोबाईलवर ते ॲप लावलं. वर इराच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, कडी नसल्यामुळे ते तसंच राहायचं. शिवकांताबाई आधी ज्वारीच्या पापड्यांबद्दल बोलल्या, मग एका बाईच्या गुडघ्यांबद्दल. चंद्रप्रभाबाईंना वाटलं, विसरल्या. मग त्या म्हणाल्या,

“आज एक पुकार द्यायची हाय. एक आई थांबलीया. कुठं, ते मी सांगणार न्हाय. मलाबी तिचं नाव ठावं न्हाय. तिला लेकीला काही विचारायचं न्हाय. का रडती, का रडत न्हाय, काय ऐकती, काही न्हाय. ती नुसती थांबलीया. ज्या लेकीला वाटंल, जवा वाटंल, तवा तिनं जावं. न्हाय वाटलं तरी आई तिथंच हाय.”

वरून काही आवाज आला नाही. बाळ रडलं, गप्प झालं. संध्याकाळी इरा खाली आली, पाणी प्यायली आणि परत गेली.

पुढचे दिवस चंद्रप्रभाबाईंच्या आयुष्यातले सगळ्यात कठीण होते. जेवलीस का, एवढंही विचारायचं नव्हतं. त्या ताट ठेवायच्या आणि निघून यायच्या. अर्धा जिना उतरायच्या, परत फिरायला पाय वळायचा, तो तसाच खाली न्यायच्या. बाळ रडलं तर जायच्या, उचलायच्या, आणि इराकडं न बघता बाळाशीच बोलायच्या. मार्तंडरावांना यातलं काही सांगितलं नव्हतं. एका जेवणाच्या वेळी ते ताटावरून मान वर करून म्हणाले, घरात आज एकही प्रश्न ऐकू आला नाही, तुला ताप वगैरे आहे का. इरा समोरच बसली होती. तिच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला. चंद्रप्रभाबाईंनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

त्यानंतर एका सकाळी त्या पोळ्या लाटत होत्या. बाहेर गजराबाई बाळाला पायावर घेऊन तेल जिरवत होत्या, काहीतरी गुणगुणत होत्या. इरा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. कानात काही नव्हतं.

“आई, अजून थांबलीयेस का?”

चंद्रप्रभाबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी फुगली, करपली, धूर निघाला. त्यांनी गॅस बंद केला.

“हो,” त्या म्हणाल्या. “थांबलेय.”

इरा आत आली आणि कणकेच्या डब्याशेजारी खाली बसली. तिनं पहिली गोष्ट विचारली ती अशी, “तू त्यांना माझं नाव सांगितलंस?”

“त्यांनी माझंच सांगू दिलं नाही.”

एवढं ऐकलं आणि इराचे खांदे खाली आले. कितीतरी दिवसांनी ती रडली. चंद्रप्रभाबाई तिच्याजवळ बसल्या, पिठाचे हात तसेच. विचारलं काहीच नाही. मग ती आपणहून बोलली. झोप लागते आणि लगेच तुटते. बाळ रडलं की छातीत दगड येतो. आपण वाईट आहोत, बाळाला दुसरी आई मिळायला हवी होती, असं दिवसभर वाटत राहतं. गुरुप्रसादला सांगितलं तर तो घाबरेल, सासरी कळलं तर नावं ठेवतील. त्या दिवशी स्पीकरवर तू ऐकलंस तो निरोप माझा नव्हता, ती म्हणाली. कुणाचा ते मला माहीत नाही. पण ते वाक्य मी कितीदा मागं नेऊन ऐकलं. जगात आणखी एक कुणीतरी असं म्हणते, म्हणजे मी एकटी राक्षसीण नाही, असं वाटायचं. तेवढ्यासाठी ऐकायचे.

चंद्रप्रभाबाईंना तामलवाडीची ती दुपार आठवली. त्या दिवशी शिवकांताबाईंनी मोबाईल सरळ करून दाखवला असता, तर आपण दुसऱ्याच कुणाच्या लेकीचं दुःख पिशवीत घालून घरी आणलं असतं आणि आपल्या लेकीच्या गळ्यात मारलं असतं. आणि या घरातली लेक पुन्हा कधी उंबऱ्यात येऊन उभी राहिली नसती.

“तुला कसं कळलं, ती आई मीच?” त्यांनी विचारलं. हा एक प्रश्न त्यांना आवरला नाही.

“तू विचारायचं बंद केलंस ना,” इरा म्हणाली. “एवढं मोठं काहीतरी झाल्याशिवाय तू कशी गप्प बसशील?”

डॉक्टरीणबाईंचा नंबर डब्यांच्या फळीवर, हळदीच्या बरणीखाली ठेवलेला होता. इरानंच फोन लावला. सोलापूरला गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. हा बाळंतपणानंतर येणारा आजार आहे, बऱ्याच जणींना येतो, औषधानं आणि बोलण्यानं बरा होतो, हे त्यांनी इराला आणि चंद्रप्रभाबाईंना वेगवेगळं बसवून सांगितलं. गुरुप्रसादलाही इरानंच कळवलं. तो घाबरला, आणि पुढच्या शनिवारी येऊन बाळाचा लंगोट बदलायला शिकून गेला. औषधं सुरू झाल्यावरही चार दिवस बरे, दोन वाईट, असंच चाललं. पण एक दिवस गजराबाई हात पुसत आत आल्या आणि म्हणाल्या, “वैनी, आज लेकराकडं बघून हसली. म्या बघितलंय, माझ्या डोळ्यानं.” चंद्रप्रभाबाईंनी त्या दिवशी त्यांच्या हातावर दोन लाडू जास्त ठेवले.

डॉक्टरीणबाईंना विचारून चंद्रप्रभाबाईंनी खोलीची कडीही परत बसवली. स्क्रू इरानं धरून दिले.

पुढच्या वेळी सोलापूरहून परतताना त्यांनी रिक्षा केली होती, बाळ बरोबर होतं. तामलवाडी आली तशी चंद्रप्रभाबाईंनी रिक्षा थांबवायला सांगितली. एकट्याच उतरल्या. पिशवीत खण, नारळ आणि घरचे लाडू होते. दुकानात कल्याणप्पा कनातीची घडी घालत होते. शिवकांताबाई एका लग्नाच्या मांडवावर गेल्याचं त्यांनी सांगितलं, आणि काय काम होतं म्हणून विचारलं. चंद्रप्रभाबाईंनी पिशवी ओट्यावर ठेवली. काय काय सांगायचं ते त्या सगळ्या रस्ताभर जुळवत आल्या होत्या. त्यातलं काहीच सांगण्यासारखं राहिलं नाही.

“त्यांना एवढंच सांगा, भेट झाली.”

कल्याणप्पांनी घडीवरून मान वर केली. “कोण आलं होतं म्हणून सांगू?”

“तेवढंच सांगा. त्यांना कळेल.”

म्हातारा हसला. “कळतंय तिला. आमच्या घरी नाव नसलेलीच माणसं लई येत्यात.” आणि त्यांनी खण-नारळाची पिशवी उचलून, आत देवापुढं नेऊन ठेवली.

रिक्षात इरा बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाळानं तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं आणि इरा ते सोडवत नव्हती. काय बोलून आलीस, असं तिनं विचारलं नाही. चंद्रप्रभाबाई शेजारी बसल्या, आणि रिक्षा तुळजापूरच्या घाटाकडं निघाली.